नववी चिंधी

जबाब. दिनांक १५ फेब्रुवारी २०२५, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

माझे नाव विश्वेश्वर रुद्रप्पा बिडवे, वय ५७ वर्षे, धंदा जुने लोखंडी मनोरे घासणे व रंगवणे, अध्यक्ष, मनोरा कामगार संघटना, राहणार युसूफ वडगाव, तालुका केज, जिल्हा बीड.

समक्ष हजर राहून सांगतो की, हा जबाब लिहून घेणारे हवालदार साहेब असले, तरी मी तो मनोऱ्यावर चढून पोट भरणाऱ्या माझ्या सगळ्या माणसांच्या वतीने देत आहे. आमच्यातला कोणी खाली पडला की कागदावर एकच ओळ येते, ‘स्वतःच्या निष्काळजीपणामुळे’. चौतीस वर्षांत मी ती ओळ पाच वेळा वाचली आहे. परवा मनोऱ्यावरून पडून मेलेल्या हारिसच्या कागदावर ती सहाव्यांदा येऊ नये म्हणून मी न बोलावता आलो आहे.

पाटोद्याच्या अलीकडे माळावर जुना रेडिओ मनोरा आहे. उंची साठ मीटर, पाय चार. त्याचा गंज काढून रंग देण्याचे काम आम्ही सात जण तीन आठवड्यांपासून करत होतो. कामाच्या अटींची चौदा पाने मी स्वतः वाचली आहेत. गंज तारेच्या ब्रशने मूळ लोखंडापर्यंत घासायचा, खाल्लेला अँगल बदलायचा, मग रेड ऑक्साइडचे दोन हात, असे त्यात लिहिले आहे. ठेकेदाराचे मुकादम युवराज यांना गुरुवारच्या तपासणीपूर्वी मनोरा लाल दिसायला हवा होता.

आमच्यात एक रीत आहे. रंगाआधी एक जाणता माणूस हातोडी घेऊन प्रत्येक अँगल ठोकून पाहतो. चांगले लोखंड खणखणते, आतून खाल्लेले भद्द वाजते. जिथे भद्द वाजेल तिथे तो आपल्या दस्तीची, म्हणजे रुमालाची, चिंधी बांधतो. चिंधी असेल तिथे कोणी पाय देत नाही, कमरपट्ट्याचा हूक अडकवत नाही. अँगल बदलल्यावर बांधणाराच ती सोडतो. चिंधी वाऱ्याने जाऊ शकते. म्हणून उतरल्यावर त्याने बुडाशी सगळ्यांना गोळा करून चिंध्यांचा आकडा आणि जागा मोठ्याने सांगायच्या. ही रीत मला माझ्या उस्तादांनी शिकवली. हारिस जलालुद्दीन शेख, वय ३१, याला ती मी शिकवली.

मंगळवार, दिनांक ११ रोजी ठोकण्याचे काम माझ्याकडे होते. दुपारी युवराज खाली उभे राहून म्हणाले, “बिडवे काका, फोटोत निस्त्या चिंध्या दिसत्यात. मनोरा हाय का पिराचं झाड?” हारिस म्हणाला, “मन्नतच हाय साहेब. सांजच्याला जित्तं खाली उतरायची.” सगळे हसले. युवराजही हसले.

त्यानंतर हारिस ब्रश आणायला पाटोद्याला गेला. मी एकूण नऊ चिंध्या बांधल्या. नववी उत्तरेच्या पायाला, चौथ्या टप्प्यावर, आतल्या तिरप्या अँगलला. ती खालून दिसत नाही. मी चार वाजता उतरलो, तेव्हा मला अंबाजोगाईला न्यायला जीप येऊन उभी होती. दुसऱ्या दिवशी तिथे माझे भाषण होते. माणसे अजून वर होती. त्यांना उतरवून गोळा करायला दहा मिनिटे लागली असती. मी जीपमध्ये बसलो. आकडा सांगितला नाही.

भाषणाचा विषय हवालदार साहेबांनी विचारला. विषय कामगारांची सुरक्षा हा होता. मी दीड तास बोललो.

बुधवार, दिनांक १२ रोजी युवराज यांनी बाहेरची दोन माणसे आणून फवाऱ्याने रंग मारून घेतला. अँगल एकही बदलला नाही. चिंध्या कापून टाकल्या, हे मला आमच्या बंकटने नंतर सांगितले. त्याच संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी हारिसचा मला फोन आला होता. मी तेव्हा व्यासपीठावर होतो. नंतर लोक चहाला घेऊन गेले. फोन आज दाखवला आहे.

गुरुवार, दिनांक १३ रोजी सकाळी सव्वाआठला हारिस वरचा दिवा बसवायला चढला. चौथ्या टप्प्यावर चिंधी दिसली नाही म्हणून त्याने आतल्या तिरप्या अँगलला हूक अडकवला आणि अंग टाकले. अँगल तुटला. तुटलेला तुकडा हुकासह हारिसबरोबर खाली आला. मी अकराला पोहोचलो. दवाखान्यात हारिसची पत्नी अस्मा मला एवढेच म्हणाली, “काका, त्ये फोन करत हुते. तुमी उचलला कावून न्हाई?”

ठेकेदाराने लिहून दिले आहे की लोखंड मजबूत होते आणि मयताने घाईत हूक नीट लावला नाही. पंचनाम्यातही ‘ताजा रंग दिलेला, चांगल्या स्थितीतील अँगल’ असे आले आहे. रंग ताजा आहे, एवढे खरे. रंग हा गंजाचा साक्षीदार नसतो, साहेब. तो गंजाचा वकील असतो.

मनोऱ्याच्या बुडाशी रंगाच्या रिकाम्या डब्यात मला माझ्या दस्तीच्या कापलेल्या चिंध्या मिळाल्या. त्या आज जमा केल्या आहेत. त्या आठ आहेत.

तुटलेला अँगल या ठाण्याच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवला आहे आणि सोमवारी तो ठेकेदाराला परत जाणार आहे. त्याच्या वरच्या टोकाला रंगाखाली एक गाठ हाताला लागते. कोणाला ती वेल्डिंगची वाटेल. मी आकडा सांगितला नाही, हा माझा दोष लिहून घ्यावा आणि त्यासाठी माझ्यावर जे कलम लागेल ते लावावे. पण अँगल परत देऊ नका. आजच, दोन पंचांसमोर, त्या गाठीवरचा रंग खरवडा. ब्रश मी आणला आहे.

हवालदार साहेबांनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. चिंध्यांचा आकडा मी पुन्हा एकदा वाचायला लावला. नऊ. तो बरोबर आहे, बाकीचेही मी सांगितल्याप्रमाणे आहे, म्हणून खाली सही करतो.

(सही) विश्वेश्वर रुद्रप्पा बिडवे