मालनचा पडदा

जमलेल्या माझ्या लेकीबाळींनो, भावांनो,

सरूबाई, गुडघा कसाय? भिंतीला टेकून बस. जनाक्का, खोकला उतरला का? अन् कांता, तुझा हात? बरं, नको सांगू.

मालन असंच करायची ना? आधी सगळ्यांची तब्येत, मग बाकीचं. आज ती नाय, म्हणून मी विचारलं. पुढं कसं बोलू?

मी शाळेची पायरी चढले नाय. पुडीच्या कागदांवरची अक्षरं लावत वाचायला शिकले. मालनची एका भिंतीची शेजारीण, एवढीच माझी ओळख. तापाचं निमित्त झालं अन् ती गेली. खरं सांगू? रडू यायच्या आधी मला भ्या वाटलं. लई भ्या.

विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांत संचारबंदी लागली, आठवतं? चिकलठाण्याच्या कंपन्या बंद, माणसं घरात कोंडलेली. रस्त्यावर काय होतंय, याची सगळ्यांना धास्ती. पण आपल्या वस्तीतल्या कितीक बायांना धास्ती होती ती आतून लागलेल्या कडीची. भिंतीतून आवाज यायचे. मालन म्हणाली, "मावशे, बाहेरची संचारबंदी उठंल. ही कधी उठायची?"

मग तिनं उस्मानपुऱ्यातून सिनेमाचं मशीन भाड्यानं आणलं. जुन्या चादरी जोडून पडदा शिवला. घरातल्या मारझोडीवरचा सिनेमा दाखवला. तिकीट काय? मूठभर ज्वारी. मार खाऊन घर सोडून आलेल्या बायांच्या पोटाला. गडी हसले, "मालनबाई, बायका बिघडवता व्हय?" ती म्हणाली, "दादा, तुम्ही बी या. ज्वारी मात्र घेऊन या."

सिनेमा संपल्यावर मी विचारलं, "कसा वाटला गं?"

"मी कुठं बघितला? मी तुमची डोकी बघत होते. पडद्यावर त्यानं हात उचलला, तवा कुणाकुणाच्या माना खाली गेल्या, ते बघत होते."

"अन् माझी?"

"तुझी सगळ्यांत आधी, मावशे."

माझे मालक जाऊन किती वर्षं झाली! मारणारा हात गेला, भ्या मानेत राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मालन त्या त्या घरी जायला लागली. कधी साखर मागायला, कधी सुई मागायला. आत आवाज वाढला की बाहेरून कडी वाजवायची. आता कडी कोण वाजवणार? सांगा ना, कोण?

येत्या रविवारी पुन्हा सिनेमा ठरला होता. आज सकाळी दोरीवर वाळत घातलेला पडदा उभा चिरलेला सापडला. चिरणारा कदाचित इथंच बसला असंल. बाबा, तुझ्याकडं बघायची माझी छाती नाय. उद्या माझ्या दारात कोण उभं राहील, ठाऊक नाय.

पण सुईदोरा माझ्याकडं हाय. पडदा मी शिवते. रविवारी माझ्या भिंतीला बांधू. कोण कोण येणार, त्याचं उत्तर लवकर धाडा. तोंडानं सांगायची भीती वाटली, तर मूठभर ज्वारी माझ्या उंबऱ्यावर ठेवून जा. मी समजून घेईन.

आता उभं राहू. अशा वेळी मान खाली घालायची रीत हाय. आज नका घालू, बायांनो. मालनसाठी मान वर ठेवून, गप उभं राहू.

कांता, तू बी. ये, माझ्या शेजारी उभी राहा.