चार खोल्यांची फक्की

शहात्तर सालचा कार्तिक महिना होता, गुरुवार होता, आणि मी दगडू पाटलाच्या सुनेच्या पाचव्या लेकराला पायावर घेऊन तेल चोळत होते. तिथूनच सुरू करते, कारण तुम्ही शाळेचं विचारलं आणि शाळेचं जे काही झालं ते त्या दिवसापासून झालं. पण आधी मी कोण ते लिहा, न्हाई तर वाचणाऱ्याला वाटंल, ही बाई पाटलाच्या माजघरात काय करून राह्यली.

माझं नाव कडूबाई. माहेर टेंभुर्णीचं. आईची माझ्याआधी तीन लेकरं गेली, मंग मी झाले तवा कडू नाव ठेवलं, म्हणजे मरणानं तोंडात घेऊ नये. नाव लागू पडलं, पंचेचाळिशी आली, अजून आहे. लग्न होऊन ह्या गावात आले, बदनापूरपासून दोन कोस. मालक बदनापूरच्या शेती फार्मावर मजुरीला जातात. माझं पहिलं पोर रांगत होतं तवा सगळ्या वस्तीनं दीक्षा घेतली, आम्ही बौद्ध झालो. गावकीची जुनी कामं सोडली, मेलेलं ढोर ओढायचं सोडलं, बरंच झालं. वस्तीतली तरणी पोरं म्हणली, मावशे, आता सुईणपण बी सोड. मी म्हणलं, ढोर मेलेलं असतं, त्याला घाई नसते, बाई अडलेली असते. ते काही मी सोडलं न्हाई. सासूनं शिकवलेलं काम, तिच्या माघारी सगळ्या गावाची बाळंतपणं माझ्याच हातची, वस्तीतली बी आणि गावातली बी.

त्यामुळं काय झालं, गावात कुणाचं पोर कधीचं, ते मला पाठ. मला लिहिता येत न्हाई, पण अमकं पोळ्याचं, तमकं हुरड्याच्या दिवसातलं, आमच्या वस्तीतल्या भीमाचं पोर तर दुष्काळात खडी फोडायच्या कामावर झालं, दगडाच्या ढिगामागं दोन लुगड्यांचा आडोसा धरून. शाळेत नाव घालताना गुरुजी विचारतात, जन्म कधीचा? बाई म्हणती, ज्वारी निसवली होती तवाचा. गुरुजी लिहितात एक जून. आमचं सगळं गाव एक जूनला जन्मलंय. मी एका दिवसात इतकी बाळंतपणं केली असती तर माझा फोटोच लावला असता कचेरीत.

तर शाळा. शाळा म्हणजे काय होतं, मारुतीच्या देवळाची ओवरी आणि एक गुरुजी. चार वर्ग, चार कोपरे. आधी आमची लेकरं पायरीवर बसायची, मंग आत आली, पण भिंतीला टेकून, पार कडंला. गाव वाढलं तशी पोरं वाढली, ओवरीत मावंनात, सणावाराला शाळा बंद, कुणाची वरात आली की शाळा बंद. आणि चौथीच्या पुढं काहीच न्हाई. पोरगं असलं तर चालत बदनापूरला जाईल, पोरीला कोण पाठवतंय? माझी सुमन तवा चौथीत होती. हुशार होती, माझी पोरगी म्हणून न्हाई सांगत, बाकीची दोघं मठ्ठ होती ते बी मीच सांगते. पुढच्या साली तिला काय करायचं, कापूस वेचायला न्यायचं की शाळेत, एवढाच माझा सवाल होता.

त्या साली कळलं की नवी शाळा मंजूर होऊन राह्यली. गायरानात, गाव आणि वस्ती यांच्या मधात. भिंती-पत्र्याचा खर्चा सरकारचा, पायाचा दगड, दुधना नदीची वाळू आणि अंगमेहनत गावाची. खोल्या किती, ते पोरांच्या आकड्यावर. चार खोल्या झाल्या तर सातवीपर्यंत वर्ग, दोन झाल्या तर चौथीच. म्हणून गुरुजींना वरून हुकूम आला, घरोघर जाऊन शाळेची आणि शाळेआधीची लेकरं मोजा, म्हणजे पुढं किती येणार ते कळंल.

इथंच घोळ झाला बघा. ते साल नसबंदीचं. तुम्हाला ठाऊकच आहे काय धामधूम होती. ज्या गुरुजींच्या गळ्यात लेकरं मोजायचं काम, त्यांच्याच गळ्यात ऑपरेशनच्या केशी, म्हणजे माणसं, आणायचं काम. त्यांचा बी पगार अडकवून ठेवलेला. माणूस वाईट नव्हता, वाळून काडी झाल्ता. पण रजिस्टर काखेत घेऊन गुरुजी गल्लीत आले की बायका काय समजणार? तिसरं पोर दिसलं की बापाला नेतील. मंग काय, कुणी पोरं मागच्या दारानं रानात पाठवली, कुणी मामाच्या गावाला, कुणी ज्वारीच्या कणगीत उतरवली. आमच्या शेजारणीनं तर दोन लेकरं कणगीत घातली आणि वर सूप झाकलं. आतून शिंका येऊन राह्यल्या, आणि ही म्हणती, गुरुजी, उंदीर लई झालेत. शाळेआधीची लेकरं गुरुजींच्या वहीत निघाली एक्केचाळीस. माझ्या हातची, जगलेली, गावातच असलेली, शंभराच्या वर सोळा. गेलेली वेगळी, ती मी मोजली न्हाईत.

आता त्या गुरुवारचं. मी तेल चोळून राह्यले आणि बाहेर ओसरीवर ओव्हरसियर साहेब आणि दगडू पाटील, पाटील तवा सरपंच. साहेब म्हणाले, सकाळी टेप लावून गायरानात चुन्याच्या फक्कीनं आखणी करून आलो, दोन खोल्या, उद्या पाया सुरू करा. मी लेकरू तसंच फडक्यात गुंडाळलं, पाटलाच्या सुनेच्या कडेवर दिलं आणि तेलाच्या हातानं बाहेर आले. म्हणलं, साहेब, दोन कामून? ते म्हणाले, आकडाच तेवढा आहे बाई. मी म्हणलं, आकडा खोटा आहे. शंभराच्या वर सोळा आहेत. साहेब म्हणाले, कशावरून? म्हणलं, काढलेत मी. पाटील खाली बघायला लागले. साहेबांनी पेन काढलं, बरं मंग, घरवार नावं सांग. मी म्हणलं, नावं न्हाई सांगणार. ते हसले, म्हणाले, बाई, सरकार तोंडी चालत न्हाई, नावं दे न्हाई तर दोन खोल्या घे.

नावं कशी देणार सांगा. एक नाव दिलं की त्या घरचा बाप उद्या जीपमध्ये. बाळंतिणीच्या खोलीतलं मी कधी बाहेर काढलं न्हाई, म्हणून तर दार उघडतात माझ्यासाठी. आणि नावं न्हाई दिली तर सुमनच्या हाती कापसाची झोळी. मंग म्हणलं, साहेब, नाव न्हाई, घर न्हाई, नुसती डोकी दाखवली तर? उद्या सकाळी तुम्ही आखलेल्या दोन खोल्यांत पोरं बसवते. मावली तर दोन खोल्या, माझं तोंड बंद. साहेबांची गाडी तशीबी चुकली होती, मुक्काम चावडीतच होता. म्हणाले, बसव.

आधी गुरुजींकडं गेले. म्हणलं, रजिस्टर द्या. ते घाबरले, सरकारी आहे म्हणाले. म्हणलं, उद्या दुपारी परत देते, तुमच्या काखेत ते दिसलं तर एक पोर येणार न्हाई. दिलं बिचाऱ्यानं, मला तर वाटलं हलकाच झाला. मी ते नेऊन शेजारणीच्या कणगीत टाकलं. म्हणलं, आता लेकरं बाहेर काढ, हे आत राहू दे.

सांजच्याला घरोघर फिरले. बायका ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, पाटलाची पोरं येतील का? ती आली तर आमची. म्हणजे सगळं पाटलीणबाईवर आलं. पाटील तालुक्याला जाऊन छोट्या कुटुंबाचं भाषण ठोकून आल्ते आणि घरात एका सुनेची पाच. वहीत दोनच लिवलेली.

पाटलीणबाई चुलीपाशी होत्या. वर न बघता म्हणाल्या, कडूबाई, तुझी पोरगी पाचवीत जावी म्हणून माझ्या लेकाला ऑपरेशनच्या टेबलावर झोपवती का? मी म्हणलं, त्याला झोपवायचं असतं तर मला पोरं कशाला मोजायला लागतात, गुरुजींच्या कानात एक शब्द पुरला असता, आजवर सांगितला का? ह्या घरात मी पाच बार आले, पाच बार गेले, दर बारीला माझ्यामागं तुम्ही गोमूत्र शिंपडलं, ते बी मला ठाऊक आहे, तरी इथलं तिथं केलं न्हाई. भाकरी तव्यावर करपायला लागली तशी त्यांनी ती उलटली. म्हणाल्या, आणि ते रजिस्टर? म्हणलं, कणगीत. त्या एकदम हसल्या, मंग पदर तोंडाला लावला. हो म्हणाल्या न्हाईत, नाही बी म्हणाल्या न्हाईत.

शुक्रवारी सकाळी गायरानात मी माझ्या वस्तीची लेकरं घेऊन गेले. फक्कीच्या रेघेच्या आत बसवली. साहेब घड्याळ बघून राह्यले, पाटील छत्री घेऊन उभे, ऊन बी न्हाई नि पाऊस बी न्हाई. गावाकडून कुणी येईना. साहेब म्हणाले, झालं का बाई? मी म्हणलं, लेकरांना हगवून-धुवून आणायचंय, जरा दम धरा.

मंग पाटलीणबाई दिसल्या. कडंवर धाकटं, मागं चार, शेवटचं अर्ध्या चड्डीत. सरळ रेघेच्या आत आल्या, पाचही बसवली आणि बाजूला जाऊन उभ्या राह्यल्या. नवऱ्याकडं बघितलं बी न्हाई. त्यांच्या मागं गाव सुटलं. काखेतली, खांद्यावरची, बोट धरलेली, शेंबडी, काजळाची, मोठ्या बहिणींनी ओढत आणलेली. पहिली खोली भरली, दुसरी भरली, तरी येऊनच राह्यली. कुणी कुणाला शिवलं ते बघायला जागाच उरली न्हाई. पाटलाचा नातू भीमाच्या पोरीच्या मांडीवर बसला, आणि तिथंच मुतला.

साहेब मोजायला गेले, तीस झाले की पोरं जागा बदलायची, परत पहिल्यापासून. रांगणारी रांगत रेघेबाहेर गेली, सगळी फक्की त्यांच्या ढुंगणांना लागली, आखणी पुसून गेली. साहेबांनी मोजणं सोडलं. डोक्याला हात लावून म्हणाले, बाई, हे पाच सालात शाळेत येणार? म्हणलं, ह्यातली वीस तर पुढल्या जूनलाच. आणि मागून अजून येऊन राह्यलेत, तीन बाया दिवसात आहेत, त्यांची बी नावं विचारू नका.

मंग ते जरा बाजूला फिरले आणि पाटलांना म्हणाले, कागदावर सध्या दोनच राहतील, मी वर लिहितो, पण पाया गावाचा आहे, पाया चार खोल्यांचा घाला. पाया दिसला की पुढचं मागायला तोंड राहतं. पाटील म्हणाले, गावानं दोन खोल्यांचा दगड कबूल केलाय, दुप्पट दगड कोण वाहील? तर पाटलीणबाई पदराआडून म्हणाल्या, आपल्या पाचांनाच एक खोली लागंल, तिचा आपण वाहू. सगळं गाव हसलं. पाटलांनी छत्री उघडली. साहेबांनी परत फक्की मागवली आणि चार खोल्या आखल्या.

त्या बाबतीत कुणाला जीप न्यायला आली न्हाई. पुढल्या साली ती धामधूमच बसली. रजिस्टर मी दुपारी परत केलं, ज्वारीचा भुसा झटकून. लेकरं उघड्यावर बसवली म्हणून दोन घरं अजून माझ्यावर फुगून आहेत, पण बाळंतपणाला मलाच बोलवतात, तवा फुगू द्या. दोन खोल्या झाल्या, एक गावानं वर्गणी काढून उभी केली, पत्रे आले, तशी पाचवी आली, मंग दुसरे गुरुजी आले. चौथी खोली अजून खिडकीच्या उंचीवर अडकलीय, तीत शेळ्या बसतात. होईल. सुमन आता सातवीत आहे, मला पेपर वाचून दाखवते आणि माझं बोलणं सुधारते, तेवढाच तिचा त्रास आहे. आठवीचं बघू, बदनापूरला जाणाऱ्या आता तिच्यासंगं अजून चौघी आहेत.

दुसऱ्या दिवशीचं विचारता का? शनिवारी सकाळी पुरुष माणसं यायच्या आधी मी कुदळ घेऊन गायरानात गेले आणि पहिला घाव तिसऱ्या खोलीच्या रेघेवर घातला. पहिल्या दोन काय, सरकारच्या होत्या, त्या होणारच होत्या.