गल्लीच्या टोकापर्यंत

—हं, वाच, तीही पाटी वाच! अमुक विद्वान इथे राहिले, तमुक विद्वान इथे वारले — जागोजागी कोणी ना कोणी वारलेलंच आहे, सगळं वाचत बसलास तर माझी लेक तिकडे टोकाला उभी राहून म्हातारी होईल. काय म्हणालास? चारशे वर्षांची भिंत? पाठ करून आलास होय, मला खूश करायला? अरे, मी जन्मले याच गल्लीत, आणि इथल्याच विद्यापीठात भूगोल शिकवत जन्म घालवला. पण सांग, सांग — चुकीचं सांगतोस, पण छान सांगतोस!

जरा हळू, दगड गुळगुळीत झालेत. गल्ली अरुंद, दोघांना अगदी जवळून चालावं लागतं — म्हणून तर विद्यार्थ्यांची इथे एवढी गर्दी, अभ्यासासाठी थोडीच? आमचे हे मात्र कायम पुढे. वाईट नव्हते रे, चांगलेच होते — पण डोळे मिटले की मला त्यांची पाठच दिसते बघ. आणि तू काय असा गटाराच्या कडेनं चालतोयस? बूट भिजले की! मघापासून बघतेय, कोरडी बाजू मला देतोयस. कोणी शिकवलं, आईनं? बरं.

आता खरं सांगू, जावईबापू — दचकू नकोस, नुसतं म्हणून बघितलं — लेक म्हणाली, 'आई, तू त्याच्याशी बोल, मग मी त्याला उत्तर देते.' तू तिला समुद्रापलीकडे नेणार, आणि मी काय घरात भिंतींशी बोलू? ठरवूनच आले होते, तुला असं भंडावून सोडायचं की गल्ली संपायच्या आत पळाला पाहिजेस. आणि तू पाट्या वाचतोयस! तिकडे थंडी फार ना? तिचे कान लगेच दुखतात, टोपी घालत नाही, मागे लागावं लागतं. सकाळी चहा होईपर्यंत बोलायला जायचं नाही, अंगावर येते. आणि रुसली ना, की समजावत बसायचं नाही, नुसतं दाराबाहेर बसून राहायचं, तीच येते — अगं बाई, हे मी तुला का सांगतेय? मी अजून हो म्हटलेलं नाही हां!

हसू नकोस. ती बघ, पुस्तकांच्या दुकानापाशी — नखं खातेय. मला एकटी पडायची भीती वाटते रे, फार वाटते. पण ते तिला सांगायचं नाही. जा आता. नाही, मी नाही येत, मला ही शेवटची पाटी वाचायचीय. चष्मा? नसू दे चष्मा! जा म्हणते ना.