टेल बॅग जागेवरच होती

मी सौ. ज्योत्स्ना प्रीतम खंडारे, वय ३१ वर्षे, धंदा नोकरी (नांदगाव पेठ एमआयडीसी, कपड्याच्या कंपनीत माल तपासणी), रा. वडाळी, अमरावती. समक्ष मूर्तिजापूर पोलीस स्टेशनला हजर राहून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती प्रीतम व सासू मनकर्णा यांच्यासह राहते. सासरे वारलेले आहेत. नणंद शालू हिला अकोला येथे दिलेली असून तिचे दुसरे बाळंतपण महिन्यापूर्वी सासरीच झाले आहे.

जबाब मी बोलते तसाच लिहा, असं मी हवालदार साहेबाले म्हटलं. ते म्हणे, "बाई, हे वर जाते. शुद्ध लिहावं लागते." मी म्हटलं, "मंग वरच्यालेही समजू द्या मी काय म्हटलं ते." म्हणून ते पुढचं असं लिहून राहिले.

शुक्रवारी सकाळी प्रीतम आणि त्याचा दोस्त अनुप मोहोड आपापल्या मोटारसायकलनं कोकणात फिराले निघाले. मूर्तिजापूरच्या पुढं प्रीतमच्या गाडीचं मागचं चाक जाम झालं आणि तो पडला. डोक्याले आणि छातीले मार आहे. अकोल्यात दवाखान्यात आयसीयूत आहे. आज चौथा दिवस, शुद्धीवर नाही.

अनुपनं जबाब देला की, मागची बॅग सुटून चाकात गेली, आणि बॅग घरून बायकोनं बांधून देली होती. तो जबाब मले आज वाचून दाखवला. नातेवाइकाले तो आधीच पाठ होता. मामसासरे खुशालराव दवाखान्यात सगळ्यांसमोर म्हणाले, "बांधलं कोणं? हिनंच ना? मंग बसू दे हिले बाहेर." तेव्हापासून मी बाहेर बसते. आत जायाचा पास एकच आहे, तो त्यांच्या खिशात असते.

बॅग मीच बांधली. ते मी नाकारत नाही.

प्रीतमले बांधायचा कंटाळा आहे. लग्न झाल्यापासून त्याच्या हरेक राइडचं सामान मीच बांधते. हुकाची इलॅस्टिक दोरी मी वापरत नाही. ती ताणते, खड्ड्यात हुक उडते. मी बकलचे पट्टे वापरते. जड सामान खाली, बाजूच्या दोन बॅगांत, दोन्हीकडे सारखं, नाहीतर गाडी एका अंगाले ओढते. हलकं सामान वर, मागच्या टेल बॅगेत. पट्टे सीटखालून काढून मागच्या दांड्याले आवळते. उरलेली टोकं गुंडाळून रबर लावते, एकही टोक लटकू देत नाही. मंग टेल बॅग धरून हलवते. बॅग हलली तं पुन्हा बांधते. गाडी हलली पाहिजे. शुक्रवारी गाडी हलली. प्रीतम वर बसला होता, तोही हलला. म्हणे, "मलेही बांधून टाक ना."

माझा संशय अनुपवर होता. दवाखान्यात तो सगळ्याइले चहा आणते, माझ्याजवळ आला की कप संपते. गाडी कुठं ठेवली, तुमी पाह्यली काय वहिनी, असं त्यानं दोनदा विचारलं. माणूस रस्त्यावर पडला, न् हा गाडीचं विचारून राहिला. मले ते बरोबर वाटलं नाही.

आज जबाबाच्या आधी मी ठाण्याच्या मागं ठेवलेली गाडी पाह्यली. टेल बॅग जागेवरच आहे. बाजूच्या दोन्ही बॅगा आहेत. उजवी रस्त्यानं घासून फाटली, पण पट्टा सुटला नाही. मी टेल बॅग धरून हलवली. गाडी हलली. साहेब सोबत होते, त्यांनीही हलवून पाह्यली. मागच्या चाकात, साखळीजवळ, सायकलच्या ट्यूबची कापलेली काळी पट्टी गुंडाळली आहे. ती माझी नाही. म्हणजे मी बांधल्यावर कोणीतरी वरून काहीतरी बांधलं.

रस्त्यावर काय सापडलं, असं मी साहेबाले विचारलं. त्यांनी मुद्देमालातून एक चेपलेला स्टीलचा डबा आणला. झाकण वेगळं. आत लाडवाचा चुरा चिकटला होता. वास मेथीचा.

साहेबांनी डबा फिरवला, वाचलं, आणि पेन खाली ठेवला. "मॅडम, याच्यावर तं तुमचंच नाव आहे."

डब्यावर कोरलं आहे : ज्योत्स्ना हिस मंगल परिणयानिमित्त मावशीकडून सप्रेम भेट.

"आता काय म्हणता?"

मी पाणी मागितलं. पाणी देलं.

विचारल्यावरून सांगते की, डबा माझा आहे. लग्नातला आहे. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर असते. मी तो भरला नाही. गुरुवारी सायंकाळी सासूबाईनं शालूसाठी मेथीचे लाडू केले. मले म्हणाल्या, "प्रीतम अकोल्यावरूनच चालला, पोरीले देऊन देईन." मी म्हटलं, "आई, गाडीवर आता एक काडी वाढवायची नाही. रविवारी मी एसटीनं नेऊन देते." त्या म्हणाल्या, "राहू दे मंग." लगेच म्हणाल्या. आमच्या घरी कोणतीच गोष्ट इतक्या लवकर राहत नाही. शुक्रवारी मी सामान बांधत होती तेव्हा त्या घरात नव्हत्या. विहारात गेल्या असन, असं वाटलं. विहारात त्या रविवारी जातात.

सासूबाई सातवी शिकल्या आहेत, त्यांले वाचता येते. फळीवर त्यांच्या नावाचेही दोन डबे होते. हे मी फक्त सांगून ठेवते.

साहेबांनी अनुपले फोन लावला, स्पीकरवर.

"अनुप, डबा कोणाचा?"

"कोणता डबा, साहेब?"

"लाडवाचा."

मंग तो म्हणाला, "काकूनं देला. कॉलनीच्या कमानीपाशी उभ्या होत्या. प्रीतम नाही म्हणे, ज्योत्स्ना वरडन म्हणे. काकू म्हणाल्या, तिले काहून सांगतं? लेकरू पाहाले चालला, मामा रिकाम्या हातानं जाईन काय? माझ्याजवळ ट्यूब होती. मी बांधला वरून."

"मंग जबाबात बॅग काहून सांगतली?"

"घाबरलो, साहेब. माझ्यावर केस बसली असती. म्हटलं, वहिनी घरचीच आहे. घरच्या बाईले कोण काय करते?"

साहेबांनी फोन ठेवला. माझ्याकडे पाह्यलं नाही.

सासूबाई बाहेर बाकावर होत्या, खुशालराव मामा आणि बाकीचे नातेवाईकही होते. साहेबांनी सासूबाईले एकटीले आत बोलावलं. डबा टेबलावरच होता.

त्या म्हणाल्या, "माह्या लेकीले लाडू पाठवले. चोरी केली काय मी?"

मी म्हटलं, "आई, तुमच्यासमोर सगळे मले बोलून राहिले. तुमी आयकून राहिल्या."

"मले काय मालूम तो कायनं पडला? अनुप म्हणे बॅग. म्हटलं, असन बॅग."

"मनात आलंच नाही?"

त्यांनी झाकण उचललं, डब्यावर बसवून पाह्यलं. बसलं नाही. दुसऱ्या बाजूनं बसवून पाह्यलं. मंग मले म्हणाल्या, "मी तोंड उघडलं असतं तं मलेच बाहेर बसवलं असतं. तू बसतं, पोरी. माह्यानं नसतं बसल्या गेलं. लेक आहे तो माहा."

त्या बाहेर गेल्या. मामांनी विचारलं, "काय म्हणे साहेब?" सासूबाई म्हणाल्या, "काही नाही. सहीसाठी बलावलं होतं." हे मले आत ऐकू आलं.

साहेबांनी विचारलं, "डब्याचं वगळू काय? घरचं आहे, घरी मिटन. मी एवढंच लिहितो की बॅग सुटली नाही." मी म्हटलं, "एक अक्षर वगळू नका."

तक्रार आहे काय, असं विचारल्यावरून सांगते की, सासूविरुद्ध माझी तक्रार नाही. लाडू पाठवणं गुन्हा नाही. अनुपनं खोटा जबाब देला, त्याचं पोलिसांनी पाहावं. सामान मी बांधलं, ते सुटलं नाही. सुटलं ते मी बांधलं नव्हतं.

जबाब टाइप झाल्यावर साहेब मले समोर बसवून हळूच वाचून दाखवत होते. मी त्यांले थांबवलं. दार पुरं उघडा म्हटलं, आणि बाकापर्यंत जाईन अशा आवाजात पहिल्यापासून वाचा. मंग उठून त्यांनीच दार उघडलं, आणि वाचलं. बाकावरच्या सगळ्याइनं ते आयकलं, आणि हेही मी शेवटी लिहाले लावलं. वाचलं ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, बरोबर आहे.