नेरची बनियन, फुलसावंगीचा गडी

हसा लेकहो, पण एका जमान्यात मी कबड्डीचा भाड्याचा गडी होतो. जे गाव जेवण अन् बनियन देईन, त्या गावाकडून खेळाचं. एका साली नेरकडून खेळलो, दुसऱ्या साली फुलसावंगीनं बोलावलं. पण त्या साली कापसाले भावच नव्हता. कप्तान म्हणे, "भाऊ, नवी बनियन काही जमत नाही. जुनीच घाल."

जुनी म्हणजे नेरची! अन् फायनलबी नेरशीच.

हाफटाइमनंतर बाजू बदलल्या. मी आपला सवयीनं नेरच्या साखळीत जाऊन उभा राह्यलो. बाजूच्या गड्यानंबी सवयीनं माहा हात धरला. चढाईले आला आमचाच कप्तान. मी त्याचा असा घोटा धरला, का गडी जागीच आडवा! जिंदगीत तशी पकड मले कधी जमली नव्हती.

कप्तान खालूनच वरडला, "अबे, मले काहून धरून राह्यला?"

पंचानं शिट्टी मारून मोजलं, तर नेरकडून सातच्या जागी आठ गडी. त्यानं माही बनियन धरून इचारलं, "हा कोणाचा आहे?"

दंडाच्या भेवानं नेरवाले अन् रागानं फुलसावंगीवाले, एकमेकाइकडं बोट दाखवून संगच वरडले, "त्याईचा!"