तिसरा काटा

बहुमताचं कौतुक मला सांगू नका. मी रसायनीच्या एका कारखान्यात होतो, तेव्हा आमच्या टाकीवर प्रेशर दाखवणारे तीन काटे होते. साहेबांचा नियम एकच: दोन काटे जुळले की तिसरा बिघडलेला.

एका दुपारी दोन काटे पाचावर थांबले आणि तिसरा नवावर चढला.

साहेब म्हणाले, "तिसऱ्यावर फडकं टाका. उगाच माणसं घाबरतात."

टाकी सांभाळायचा मोहोपाड्याचा काशिनाथ. तो म्हणाला, "सायेब, तिसराच खरा हाय. ते दोगं तुमी एकाच नळीवर बसवलेत, आन् ती नळी तुंबलीय."

"दोघं खोटे आणि एकटा खरा, असं कुठं असतं का रे?"

फडकं टाकलं. दहा मिनिटांत झाकण उडालं आणि सगळा माल छपरावर गेला. माणसं वाचली, हे नशीब.

चौकशीला तिघं बसले. त्यातले दोघं साहेबांच्याच हाताखालचे. ते म्हणाले, चूक काशिनाथची. तिसरे म्हणाले, चूक साहेबांची.

आठवड्याभरात तिसऱ्यांच्या बदलीची नोटीस लागली. काशिनाथनं ती वाचली आणि मला म्हणाला, "टाकलं रं फडकं!"