डेटलेफचा मेलबॉक्स

समुद्राकाठच्या त्या जर्मन गावात, बेकरीच्या रांगेत आन्टयेच्या पुढे नगरपालिकेच्या कॉम्प्युटर विभागातले दोघं उभे होते, निवृत्तीला आलेले उवे आणि तरुण फिन.

फिन म्हणाला, "शेवटचा जुना सर्व्हरही काल बंद झाला. आता सगळं ओपन सोर्सवर, लायसन्स विकत न घेता. मग तुमचं तोंड का उतरलंय?"

"नकाशा विभागातला डेटलेफ आठवला."

"मी यायच्या आधीचे ना ते?"

"हो. निवृत्त होताना म्हणाला, माझा मेलबॉक्स वर्षभर राहू दे. बायकोनं हॉस्पिटलमधून लिहिलेलं सगळं त्यातच आहे. ती तेव्हा नुकतीच गेली होती."

"मग ठेवायचा की."

"माणसामागे एक लायसन्स, फिन. त्याचा मेलबॉक्स पुसल्याशिवाय नव्या माणसाला लायसन्स मिळायचं नाही. नियम म्हणजे नियम, असं म्हणालो आणि पुसला."

"निदान कॉपी तरी काढून द्यायची."

"शुक्रवारची दुपार होती. मला घरी जायचं होतं."

"आणि आता लायसन्स मोजायचीच भानगड नाही."

"म्हणून तर. काल त्याच्या नावानं एक रिकामा मेलबॉक्स उघडला."

"त्यांना कळवलंत?"

"काय कळवू? ये, आता जागा भरपूर आहे म्हणून?"

काउंटरवरून बाईनं दोनदा विचारलं, "पुढे कोण?" उवे हलला नाही. आन्टयेही त्याला मागे टाकून पुढे गेली नाही.